लांबलचक इंग्लिश शब्द नेमका तोडायचा कुठे?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकत असेन तर सांगा. मुलगा सातवीत, सेमी इंग्लिशला. छोटे शब्द बरे वाचतो, पण सायन्समध्ये फोटोसिंथेसिस, रेस्पिरेशन किंवा गणितात पर्पेंडिक्युलर असलं काही आलं की पहिली दोन-तीन लेटर्स बघतो आणि पुढचं अंदाजाने ठोकून देतो. शाळेतल्या बाई म्हणतात 'तोडून वाच'. कुठे तोडायचं ते सांगत नाहीत, म्हणून तुम्ही नेटवर शोधलं तर सिलॅबलच्या, म्हणजे एका झटक्यात म्हणायच्या आवाजाच्या तुकड्यांच्या, नियमांची भलीमोठी यादी निघाली, आणि ती पाठ करून घेऊ का असं विचारताय.

नका घेऊ. मराठी माध्यमाच्या आणि सेमीच्या मुलांना इंग्लिश वाचायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, आणि ज्या पोराला नियम धडाधड म्हणता येतात ते पोर शब्दासमोर तेवढंच अडकलेलं मी कितीदा पाहिलंय. खरी अडचण नियम माहीत नसण्याची नाहीये. अडचण अशी आहे की शब्द दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी तुटतो, एक अर्थाने आणि एक आवाजाने, आणि त्या यादीत दोन्हींची खिचडी केलेली असते, आधी कुठली तऱ्हा वापरायची हे कोणी सांगत नाही. साधं 'टीचर' घ्या. अर्थाने तोडलं तर टीच आणि पुढे ई-आर, म्हणजे शिकवणारा. आवाजाने तोडलं तर टी-चर. दोन्ही बरोबरच. ॲक्टरचंही तेच, अर्थाने ॲक्ट आणि ओ-आर, तोंडाने मात्र आपण ॲक्-टर म्हणतो.

तर माझी पद्धत अशी की लांब शब्द दिसला की आधी दोन्ही टोकांचे ओळखीचे तुकडे काढायचे, पुढून आणि मागून, आणि मध्ये जे उरेल तेवढंच आवाजाने फोडायचं. ऊस पेरापाशी मोडला की सहज मोडतो, मध्येच मोडायला गेलात तर नुसत्या चिपाडाच्या धांदोट्या होतात, तसंच. (शब्दांची स्पेलिंगं एका कागदावर लिहून शेजारी ठेवा बरं का, मी इथे देवनागरीत लिहितेय, म्हणजे मी रेघ कुठे मारतेय ते कळेल.)

पण त्याच्याआधी काही गोष्टी तपासा, कारण हे सगळं मुलावर अवलंबून आहे. त्याला अर्थ नसलेले बनावट छोटे शब्द लिहून द्या, बी-एल-आय-एम, एस-टी-ई-पी-टी असले. ब्लिम, स्टेप्ट असं वाचलं तर पाया ठीक आहे. 'बी एल आय एम' असं लेटर्स म्हणत बसला किंवा ओळखीचा कुठला तरी शब्द दडपून म्हणाला तर लांब शब्द सध्या बाजूला ठेवा, तो छोटेही शब्द वाचत नाहीये, चेहरा ओळखल्यासारखे पाठ केलेत नुसते. तसं असेल तर आधी लेटर आणि आवाज यांचीच जोडी पक्की करावी लागेल. दुसरं म्हणजे तो शब्द त्याने कानाने कधी ऐकलाय का. हेलिकॉप्टर वाचताना अर्ध्यात गाडी आली की मूल उरलेलं आपोआप म्हणतं कारण शब्द आधीच माहितीचा आहे, पण जो शब्द आयुष्यात ऐकलेलाच नाही तो कितीही नीट तोडला तरी बरोबर वाचला की चूक हे त्याला कळणार कसं, तिथे तुम्हीच एकदा म्हणून दाखवायला हवा. आणि तिसरं, मराठी वाचताना काय होतं. मराठीतही जोडाक्षरांना अडखळतो का, ओळी गाळतो का, अक्षरं उलटसुलट लिहितो का. तसं असेल तर हा तोडण्याबिडण्याचा प्रश्नच नाही, आधी शाळेतून किंवा डॉक्टरांमार्फत तपासणी करून घ्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचण्या-लिहिण्यातली अडचण) धरलेली आहे आणि दाखला असेल तर आपल्या बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. आळशी म्हणून ओरडण्यात वर्षं घालवू नका.

आता मागची बाजू, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे. शेवटी येणारे तुकडे थोडेच असतात आणि तेच तेच येतात. टी-आय-ओ-एन म्हणजे शन, हे एक लचांड पक्कं झालं की एज्युकेशन, इरिगेशन, रेस्पिरेशन, पॉप्युलेशन, सगळ्यांचं शेपूट सुटतं. मूल ते 'टिऑन' वाचतं कारण लेटर लेटर जोडत येतं, इथे जोडायचं नाही, चित्रासारखं एकगठ्ठा ओळखायचं. तसंच टी-यू-आर-ई म्हणजे चर (टेम्परेचर, ॲग्रिकल्चर), सी-आय-ए-एन म्हणजे शन (म्युझिशियन), सी-आय-ए-एल म्हणजे शल, ओ-यू-एस म्हणजे अस. मेंट, नेस, फुल, लेस, एबल, ली हे सोपे आहेत. एस-आय-ओ-एन मात्र कधी शन असतं तर कधी झन, मिशन वेगळं आणि टेलिव्हिजन वेगळं, दोन्ही म्हणून बघायचं आणि ओळखीचं वाटेल ते घ्यायचं. आणि ई-डी! वर्गातली अर्धी मुलं 'वॉक-एड', 'जम्प-एड' वाचतात. शब्दाच्या शेवटी टी किंवा डी चा आवाज असेल तरच ई-डी चा वेगळा तुकडा होतो, वॉन्टेड, नीडेड. बाकी ठिकाणी वॉक्ट, जम्प्ट, प्लेड, तुकडा वाढत नाही.

पुढून अन, री, डिस, मिस, प्री, सब, इंटर, ट्रान्स एवढे आले तरी पुष्कळ. ट्रान्स / पोर्ट / ए-शन. इंटर / नॅशन / अल. इथे एक गंमत मुलाला दाखवा, नुसता असताना तो 'नेशन' असतो, मागे अल लागला की 'नॅशनल' होतो, स्पेलिंग जागच्या जागी, आवाज मात्र सरकला. म्हणजे तुकडा डोळ्याने ओळखायचा आणि आवाज थोडा सैल ठेवायचा. नकारार्थी आय-एन चं तर आपल्या संधीसारखंच आहे. पी, बी, एम च्या आधी ते इम होतं (इम्पॉसिबल), एल च्या आधी इल (इल्लीगल), आर च्या आधी इर (इर्रेग्युलर). उत् अधिक लेख मिळून उल्लेख होतो ना, तसं. डबल एल, डबल आर कुठून येतात हे एकदा कळलं की स्पेलिंगमधलं एक लेटर खायची सवयही जाते.

इथे एक सावधगिरी. मुलं एकदा तुकडे शोधायला लागली की सगळीकडे तुकडे दिसायला लागतात. अंकलमध्ये 'अन' नाही, रीचमध्ये 'री' नाही, आणि इरिगेशनमधला इर हा नकाराचा नाही, तो 'आत' या अर्थाचा आहे, पाणी आत आणणं. म्हणून मी मुलांना सांगते की वाचण्यासाठी हवं तिथे तोड, पण अर्थ लावताना तुकडा काढून उरलेलं आणि वाक्य दोन्ही बघ.

आणि आता तुमच्या हातातलं हत्यार, जे इंग्लिश मीडियमच्या आईबापांकडे नसतं. तुम्ही लिहिलंय की तुमचं शिक्षण मराठीतून झालंय आणि म्हणून तुम्हाला शिकवायला जमत नाही. अहो उलट आहे. सायन्स-गणिताचे बरेच मराठी शब्द त्याच तुकड्यांनी बनलेत. फोटोसिंथेसिस बघा, फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे एकत्र, थेसिस म्हणजे ठेवणं, आणि तुम्ही शाळेत काय शिकलात, प्रकाश-सं-श्लेषण. क्वाड्रिलॅटरल म्हणजे क्वाड्रि चार आणि लॅटरल बाजूंचा, चतुर्भुज. इक्विलॅटरल म्हणजे समभुज, इक्वि म्हणजे सम. हेक्झॅगॉन षट्कोन, पेंटॅगॉन पंचकोन, गॉन म्हणजे कोन. पेरीमीटर आणि परिमिती तर म्हणून बघा शेजारी शेजारी, सख्ख्या भावंडांसारखे ऐकू येतात. एक वही घ्या, डावीकडे इंग्लिश शब्द तुकडे पाडून, उजवीकडे तुमचा मराठी शब्द तुकडे पाडून. रेस्पिरेशनच्या खाली ट्रान्स्पिरेशन आणि पर्स्पिरेशन लिहा, तिन्हींत एस-पी-आय-आर आहे, म्हणजे श्वास, एक सजीवाचा श्वास, एक झाडाच्या पानांतून बाहेर पडणारी वाफ, एक घाम. एक तुकडा ओळखला की तीन शब्द वाचून होतात आणि वर पाठांतरही कमी. पोरांना चेव आणायचा असेल तर अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम द्या. अठ्ठावीस लेटर्सचा आहे, पण अँटि, डिस, मेंट, एरियन, इझम सोलून काढले की मध्ये साधा एस्टॅब्लिश उरतो. परीक्षेला येत नाही, पण वाचता आला की छाती फुगते.

टोकं निघाली, आता मधला भाग आवाजाने. याला एकच पाया, एका सिलॅबलमध्ये स्वराचा आवाज एकच. ए-ई-आय-ओ-यू आणि गरज पडली तर वाय, यांच्याखाली पेन्सिलने टिंब द्यायचं. शेवटचा मुका ई मोजायचा नाही, आणि ई-ए, ए-आय, डबल ओ असे जोडीने एकच आवाज देणारे स्वर मिळून एक टिंब. जितकी टिंबं तितके तुकडे. मोजणी बरोबर आहे का बघायचं असेल तर हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके सिलॅबल, साधारण जमतं.

आता टिंबांच्या मध्ये रेघ कुठे मारायची. इथे आपल्या मुलांचा एक खास घोळ होतो आणि तो इंग्लिश पुस्तकांत कुठेच लिहिलेला नसतो. आपली लिपी अक्षरांची. 'पुस्तक' आपण लिहितो पु-स्त-क, आणि पहिलीपासून डोळ्याला तशीच सवय लागलेली, की व्यंजनं जमली की सगळी पुढच्या स्वराला चिकटवायची. मूल तीच सवय इंग्लिशला लावतं. नॅपकिनमध्ये एन-ए नंतर तोडतं आणि 'ना-पकिन' वाचतं. पण बोलताना आपण काय म्हणतो, पुस्-तक. लिहिताना एक, बोलताना दुसरं. कवितेत लघु-गुरू पाडायला शिकलो होतो तेव्हा जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरायचो, आठवतंय? पुस्तकमधला पु ऱ्हस्व असूनही गुरू, कारण तो अर्धा स् त्याच्यावर येऊन आदळतो. म्हणजे आपल्या कानाला हे आधीपासून माहिती आहे, फक्त डोळा ऐकत नाही. मुलाला मराठी शब्द टाळ्या वाजवून म्हणायला लावा, पुस्-तक, सप्-टें-बर, कंप-नी, आणि मग तेच इंग्लिशला. दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजनं असतील तर रेघ त्या दोघांच्या मधून. नॅप-किन, बास-केट, पेन-सिल, सेप-टेम-बर.

तीन किंवा चार व्यंजनं आली तर? तेव्हा विचारायचं, या लेटर्सनी सुरू होणारा इंग्लिश शब्द तुला माहितीये का. एस-टी-आर ने होतो, स्ट्रीट, म्हणून इन-स्ट्रु-मेंट. डी-आर ने होतो, म्हणून हन-ड्रेड. पी-के ने काही सुरू होतं का, नाही, मग ते एकत्र राहू शकत नाहीत. एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच हे दिसायला दोन पण आवाज एक, त्यांना कधीच फोडायचं नाही, नाहीतर फोटोमधला फ जातो आणि मूल 'प-होटो' म्हणतं.

आणि हा घोळ फक्त आपल्याच मुलांचा आहे असं समजू नका हं. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १७८३ मध्ये मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं, त्याच्या आधीच्या पुस्तकांत क्लस्टर हा शब्द सी-एल-यू नंतर तोडून छापायचे आणि हॅबिट एच-ए नंतर. वेबस्टरचं म्हणणं, असं छापाल तर पोरं 'क्लू-स्टर' आणि 'हे-बिट' असंच म्हणणार. त्याने रेघ पुढे सरकवली, सी-एल-यू-एस आणि टी-ई-आर, एच-ए-बी आणि आय-टी. मुद्दा तोच, तुकडा स्वरावर संपला की स्वर लांबतो, व्यंजनाने बंद झाला की आखूड होतो.

यावरूनच पुढचं, दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर काय. टायगर, पेपर, म्युझिक, स्टुडंट यांत व्यंजन पुढच्या तुकड्यात जातं आणि पहिला स्वर आपलं नाव सांगतो, म्हणजे लेटरचं नाव म्हणतो तसाच लांब येतो. लेमन, कॅबिन, रिव्हर, मॉडेल यांत व्यंजन मागच्या तुकड्यात राहतं आणि स्वर आखूड. कुठला शब्द कुठल्या गटात हे स्पेलिंग बघून सांगणारा खात्रीचा नियम नाही, कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. करायचं एवढंच, आधी लांब म्हणून बघायचं, 'टाय-गर', ओळखीचा वाटला तर झालं, 'ली-मन' असलं काही विचित्र आलं तर व्यंजन मागे ढकलून 'लेम-न' म्हणून बघायचं. दोनदा म्हणून बघणं म्हणजे चूक नव्हे, हे मुलाला स्पष्ट सांगा, नाहीतर पहिला प्रयत्न फसला की तो गप्प होतो. रेकॉर्ड तर नाम असताना एका जागी तुटतो आणि क्रियापद असताना दुसऱ्या जागी, रेक-ॲर्ड आणि रि-कॉर्ड, म्हणजे इंग्रज माणसालासुद्धा वाक्य बघावंच लागतं.

शेवटी व्यंजन आणि एल-ई असेल तर त्या तिघांचा एक तुकडा, टे-बल, लिट-टल. आणि काही वेळा शेजारी आलेले दोन स्वर जोडी नसतात, वेगळे म्हणायचे असतात, सायन्स, लायन, क्रिएट, रेडिओ. हे बहुतेक ओळखीचेच शब्द आहेत, फार खल करू नका.

तुम्ही विचारलंत की डिक्शनरीत शब्दाच्या मध्ये टिंबं असतात ती बघून शिकवू का. ती टिंबं मुळात छपाईसाठी, ओळ संपली तर शब्द कुठे तोडून पुढच्या ओळीवर न्यायचा यासाठी असतात, आवाजाशी दरवेळी जुळत नाहीत. शिवाय अमेरिकन लोक साधारण उच्चार बघून तोडतात आणि जुनी ब्रिटिश पद्धत शब्दाची घडण बघून, नॉलेज हा शब्द अमेरिकेत एल नंतर तुटतो, ब्रिटिश पद्धतीत नो (के-एन-ओ-डब्ल्यू) नंतर, म्हणजे एल च्या आधी. १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या फ्रँक लियांगने कॉम्प्युटरला ओळीच्या शेवटी शब्द तोडायला शिकवलं तेव्हा त्याला चार हजारांच्या वर पॅटर्न लागले, तरी काही शब्द अपवाद म्हणून वेगळे द्यावेच लागले. आपण सातवीच्या पोराकडून दहा नियमांत अचूकपणा मागायचा म्हणजे जरा जास्तच आहे. वर्कशीटवर बाईंनी टीचर चुकीच्या जागी तोडला म्हणून लाल रेघ मारली तर वाद घालू नका, बाई म्हणतील तसं तिथे लिहू दे, पण घरी शब्द वाचता आला की ते बरोबर धरा.

जोर कुठल्या तुकड्यावर द्यायचा हे सध्या सोडून द्या. आपण मराठी माणसं सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो आणि इंग्लिशमध्ये तसं नसतं, फोटोग्राफचा जोर पहिल्या तुकड्यावर, तोच फोटोग्राफर झाला की दुसऱ्यावर, फोटोग्राफिक झाला की तिसऱ्यावर. वाचायला शिकताना एवढंच पुरे की शन च्या लगेच आधीच्या तुकड्यावर जोर येतो, एज्यु-के-शन, इन्फर-मे-शन.

रोज करायचं कसं तर, पुढच्या आठवड्यात शाळेत जो धडा होणार आहे त्यातलेच चार-पाच लांब शब्द काढा, वेगळं पुस्तक विकत घेऊ नका. पेन्सिलने खाली अर्धगोल कमानी काढायच्या, एका तुकड्याला एक, वर सांगितलेली रेघ मनातच धरायची, शब्दाच्या मध्ये खऱ्या उभ्या रेघा मारू नका कारण मग शब्द अखंड दिसतच नाही. एकेक कमान वाचायची, मग सगळं सलग, मग तो शब्द ज्या वाक्यात आहे ते पूर्ण वाक्य. अडकला तर तुम्ही लगेच शब्द सांगू नका, पुढचा भाग बोटाने झाका आणि 'एवढाच वाच' म्हणा. तिथेही अडला तर तो एक तुकडा सांगा, अख्खा शब्द नाही. थोड्या आठवड्यांनी कमानी फक्त टोकांना, मग त्याही बंद. 'लेटर्स म्हण बघू' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा, पी-ई-आर-पी-ई-एन म्हणता म्हणता पहिली चार लेटर्स डोक्यातून गेलेली असतात.

स्पेलिंग लिहितानाही हेच तुकडे चालतात आणि तिथे मुद्दाम खोटा उच्चार केला तरी हरकत नाही, वेड-नेस-डे, फेब-रु-अरी, गव्हर्न-मेंट, एन्व्हायरन-मेंट, म्हणजे जे लेटर बोलताना गिळलं जातं ते हाताने लिहिलं जातं. वाचताना बरोबर उच्चार, लिहिताना हा, मुलांना यात काही अडचण वाटत नाही, मोठ्यांनाच वाटते. सुरुवात पर्पेंडिक्युलरनेच करा, त्याला त्याचीच धास्ती आहे ना. पर, पेन, डिक, यु, लर, पाच टिंबं पाच तुकडे, आणि एल-ए-आर हा शेवट त्याला रेग्युलर, सर्क्युलर, मॉलेक्युलर यांतही सापडेल. रेस्पिरेशनला काय झालं ते इथेच लिहा, नेमका कुठल्या तुकड्यावर अडतोय ते सांगितलंत तर पुढचं बोलता येईल.